साडेसोळा मिलिमीटरचा संसार

कोल्हापूरहून पुण्यास जाणाऱ्या कुटुंबाच्या कामांची यादी बहुधा ठरलेली असते. लग्नाचा बस्ता, एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ, वसतिगृहातील मुलाची भेट आणि उरलेल्या वेळात लक्ष्मी रस्ता. लहान मुले बरोबर असली तर केळकर संग्रहालय किंवा कात्रजचे प्राणिसंग्रहालय त्यात जोडले जाते. कोथरूडमध्ये, संगम प्रेसच्या जवळ, आणखी एक जागा आहे. सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स या उद्योगाच्या आवारात, जी. ए. कुलकर्णी यांचे नाव दिलेल्या रस्त्यावर ती आहे. गूढ कथा लिहिणाऱ्या त्या लेखकाच्या नावाच्या रस्त्यावर मुलांच्या हर्षाचा असा कल्लोळ चालावा, हा योगायोग गमतीचाच म्हणायचा. या जागेचे नाव जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेज. भाऊसाहेब जोशी यांनी ते 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी खुले केले.

आज भाऊसाहेब नाहीत. त्यांच्या गाड्या मात्र धावत आहेत. हे वाक्य वाटते तितके साधे नाही.

छंद म्हणून रेल्वेच्या लघुप्रतिकृती जमवणारे आणि बांधणारे लोक जगभर आहेत. त्यांत निवृत्त अभियंत्यांचा भरणा मोठा, आणि त्याचे कारण उघड आहे. आयुष्यभर ज्याने मोजमाप, रेखाटन, जोडणी आणि दुरुस्ती केली, त्याच्या हातांना साठाव्या वर्षी एकाएकी काम नाही असे होते. डोके थांबते, पण बोटे थांबत नाहीत. मग माडीवरच्या खोलीत एक फळी येते, फळीवर रूळ येतो आणि बघता बघता खोलीत दुसऱ्या कोणाला पाऊल ठेवायला जागा उरत नाही. घरची मंडळी आधी हसतात, मग कुरकुरतात आणि शेवटी चहाचा पेला दाराशीच ठेवून परततात. पुढे तो गृहस्थ जातो. वर्षभर खोलीला कुलूप असते. त्यानंतर रूळ उचकटले जातात, इंजिने खोक्यांत भरली जातात, खोकी माळ्यावर चढतात. दमट हवेने फळी फुगते, वंगण चिकट होऊन मोटरी अडकतात. कोणत्या तारेचे कोणते टोक कोठे जोडायचे हे फक्त एका डोक्यात होते आणि ते डोके आता नसते. युरोपात अशा मृत छंदिष्टांचे संग्रह विकत घेऊन फोडून विकणाऱ्यांचा वेगळा व्यापारच आहे. आपल्याकडे तेवढीही सोय नाही. भंगारवाला वजनावर भाव करतो.

भाऊसाहेबांचे तसे झाले नाही. का झाले नाही, हे व्यापारी घरांनी समजून घेण्याजोगे आहे. त्यासाठी आधी हा छंद कशाने उभा राहिला ते पाहावे लागते, आणि ते पाहताना कोल्हापूरचीही गाठ पडते.

कोल्हापूर ते मिरज ही संस्थानची रेल्वे 1891 मध्ये सुरू झाली. मीटरमापी, सुमारे 47 किलोमीटर लांबीची. चार वर्षांनी, 1895 मध्ये, शाहू महाराजांनी स्थानकाच्या लगत शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि गुळाच्या रव्यांना बैलगाडीऐवजी मालगाडी मिळाली. ज्या वर्षी कोल्हापुरात पहिली गाडी आली त्याच वर्षी, म्हणजे 1891 मध्येच, जर्मनीतील लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत मेर्कलिन नावाच्या कारखान्याने चावीवर धावणारी खेळण्यातील गाडी मांडली. खेळण्यातल्या गाड्या त्यापूर्वीही होत्या. मेर्कलिनने नवे केले ते इतकेच, की रूळांची मापे ठरवून दिली आणि सुटे रूळ, सांधे, स्थानके, पूल असे सर्व त्या मापांत विकायला काढले.

हा कारखाना 1859 पासूनचा, आणि त्याचे मूळ काम बाहुलीघरातील पत्र्याची भांडी करण्याचे. बाहुलीघराचा धंदा कसा चालतो हे त्याला ठाऊक होते. एकदा घर घेतले की दर वाढदिवसाला एक पळी, एक चूल, एक खुर्ची घेतली जाते. तेच तत्त्व त्याने गाडीला लावले. पहिला संच स्वस्तात द्यावा आणि गिऱ्हाईक पंधरा वर्षे बांधलेले राहावे. शाहूपुरीतील कोणाही जुन्या दुकानदाराला हा हिशेब वेगळा शिकवावा लागणार नाही. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबीने हीच वाट धरली. लिव्हरपूलच्या एका आयातदाराच्या पेढीवर वह्या सांभाळणारा हा माणूस. त्याने आपल्या मुलांसाठी भोके पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट तयार केले आणि 1901 मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यातून मेकॅनो आले, आणि 1920 मध्ये त्याच्या नावाच्या गाड्या बाजारात आल्या. पेढीवरचा हिशेबनीस, आणि कित्येक पिढ्यांच्या अभियंत्यांचा पहिला शिक्षक!

मापांचे पुढे पुष्कळ झाले. आज जगात सर्वाधिक चालते ते एच.ओ. हे माप. ‘ओ’ या जुन्या मापाच्या निम्मे म्हणून हे नाव पडले. प्रमाण एकास 87, आणि दोन रूळांमधले अंतर 16.5 मिलिमीटर. या जगात उंचापुरा माणूस दोन सेंटिमीटरचा होतो. वीस मीटरचे इंजिन 23 सेंटिमीटरांत बसते. ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला 32 सेंटिमीटर सरकते, म्हणजे लहान मूल रांगत तिच्याबरोबर जाऊ शकेल. कोथरूडचे भाऊसाहेबांचे नगर याच मापाचे आहे.

मात्र 87 ने भागले म्हणून सर्व काही टेबलावर मावते असे नाही. चोवीस डब्यांची एक्स्प्रेस एच.ओ. मापातही साडेसहा मीटरांची होते. खऱ्या रेल्वेचे एक किलोमीटर त्रिज्येचे वळण साडेअकरा मीटर त्रिज्येचे होईल. एवढा दिवाणखाना कोणाकडे आहे? म्हणून छंदिष्टाला थोडी लबाडी करावी लागते. वळणे आवळावी लागतात, आठ डब्यांनाच चोवीस मानावे लागते आणि आवळलेले वळण डोंगराआड किंवा बोगद्यात लपवावे लागते. अशा नगरांत इतके बोगदे का असतात, याचे उत्तर निसर्गाच्या हौसेत शोधू नये.

विजेचेही असेच. सर्वसाधारण रचनेत दोन रूळांपैकी एकात धन आणि दुसऱ्यात ऋण प्रवाह असतो. दाब 12 व्होल्टचा, त्यामुळे हात लागला तरी भय नाही. पण गाडीने वळसा घालून आपल्याच मार्गावर उलट्या तोंडाने परत यायचे ठरवले, की डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो, धन ऋणाला भिडते आणि सगळे नगर ठप्प होते. त्यावर उपाय म्हणजे रूळ विशिष्ट जागी कापून तो तुकडा वेगळा करायचा आणि गाडी त्यावर असताना प्रवाहाची दिशा बदलायची. एका मार्गावर दोन गाड्या चालवायच्या असतील तर मार्गाचे खंड पाडावे लागतात, आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी, हा खऱ्या रेल्वेचा नियम येथेही पाळावा लागतो. अलीकडे डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो आणि आज्ञा त्याच रूळांतून जातात. पण रूळाची ती वळशाची अडचण तिथेही सुटत नाही. गणित, वीज, सुतारकाम, कातकाम, रंगकाम आणि थोडी नाट्यदृष्टी इतके सर्व एका माणसाकडे मागणारा हा छंद आहे. शिवाजी उद्यमनगरातील लेथवर आयुष्य घालवलेल्या कारागिराला यातले निम्मे आधीच येत असेल.

भाऊसाहेबांची ओढ लहानपणापासूनची. धंदा उभा राहिल्यावरही ती गेली नाही, उलट धंद्याने तिला हातभार लावला. त्यांच्या उद्योगाचे नावच सौदामिनी, म्हणजे वीज. कामगार, अवजारे, तारा जोडण्याची शिस्त, बिघाड शोधण्याची सवय हे सर्व त्यांच्या हाताशी होते. परदेशी खेळणी सहज मिळत नसत त्या काळात आपल्याकडच्या छंदिष्टाला एकेका इंजिनासाठी परदेशी जाणाऱ्या नातलगाची वाट पाहावी लागे. उरलेले, म्हणजे डोंगर, घरे, झाडे, दिवे, नियंत्रणाची यंत्रणा, स्वतःच करणे भाग असे. भाऊसाहेबांनी कायमच्या जागेच्या आधी हलवता येण्याजोगे नगर बांधून ते प्रदर्शनांतून लोकांना दाखवले होते. प्रदर्शन भरवणे म्हणजे प्रत्येक वेळी जोडणे, तपासणे, दाखवणे आणि पुन्हा मोडणे. लग्नाचा मांडव ज्यांनी घातला आहे त्यांना यातले कष्ट सांगायला नकोत.

तेथून 1998 चे पाऊल आले, आणि त्या पावलात त्यांचा खरा शहाणपणा आहे. त्यांनी छंद माडीवरच्या खोलीतून उचलून उद्योगाच्या आवारात आणला. त्याला स्वतःची जागा दिली. खेळाची वेळ ठरवली, तिकीट लावले, निवेदन जोडले. वरवर पाहता या सर्व गोष्टी छंदाच्या आनंदाला मारक आहेत. हौशी माणसाला मनात येईल तेव्हा गाडी चालवायची असते. तिकीट घेतलेल्या प्रेक्षकासमोर मात्र ठरल्या वेळी ती चालावीच लागते. पण ठरल्या वेळी चालवायची म्हणजे रोज रूळ पुसावे लागतात, चाके स्वच्छ ठेवावी लागतात, बिघाड त्याच दिवशी काढावा लागतो, आणि हे सर्व करू शकणारी दुसरी माणसे तयार करावी लागतात. जे एका डोक्यात होते ते चार डोक्यांत उतरवावे लागते. भाऊसाहेबांच्या पश्चात पुढच्या पिढीने संग्रहालय चालू ठेवले, त्यात कुटुंबाची निष्ठा आहेच. पण चालू ठेवता येईल अशा स्थितीत ते त्यांच्या हाती आले होते, हेही तितकेच खरे. व्यापारी घरात वडिलांनंतर दुकान टिकते ते याच कारणाने, आणि बुडते तेही बहुधा याच्याच अभावी.

ताळेबंद वाचण्याची ज्यांना सवय आहे त्यांच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहील. अशा मालमत्तेची नोंद कोणत्या रकान्यात करायची? यंत्रसामग्री म्हणावी तर तिच्यातून उत्पादन नाही. मालसाठा म्हणावा तर विकायचा नाही. घसारा लावावा, तर आतली काही इंजिने वर्षागणिक महाग होत जाणारी. तारण म्हणून कोणी कर्जासाठी पुढे केली तर कोणताही अधिकारी चष्मा काढून पुसू लागेल. जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी असेच नगर व्यवसाय म्हणून उभारायचे ठरवले, तेव्हा तेथील बचत बँकेने त्यांना कर्ज दिले. ‘मिनिआटुर वुंडरलांड’ नावाचे ते नगर बंदरावरच्या जुन्या गोदामात 2001 मध्ये सुरू झाले आणि आज ते त्या शहराचे मोठे आकर्षण आहे. कर्ज मंजूर करणाऱ्याच्या दृष्टीचे कौतुक करावे तेवढे थोडे. मात्र त्यापूर्वी तीन वर्षे कोथरूडमध्ये भाऊसाहेबांचे दार उघडले होते, तेही एका कुटुंबाच्या उद्योगाच्या आधाराने, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी बोलून दाखवत नाही.

आत गेल्यावर काय दिसते, याचे वर्णन मोहाने फार लांबवू नये. ते पाहायचेच आहे. भोवतीने प्रेक्षक बसतात आणि मध्ये नगर. वाफेच्या इंजिनाची गाडी आहे, वारा कापण्यासाठी नाक निमुळते केलेली वेगवान गाडी आहे, तारेवरून जाणारा पाळणा आहे, सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, मोटारीत बसून सिनेमा पाहण्याचे मैदान आहे. वरच्या रूळाला लोंबकळत जाणारी गाडीही आहे. मुलांना ती थाप वाटते, पण जर्मनीतील वुपरटाल गावात नदीवरून अशी गाडी 1901 पासून खरोखर धावते. निवेदन सुरू होते, एकेक गाडी आपल्या जागेवरून हलते, सिग्नल बदलतात. मग खोलीतले दिवे मंद होत जातात आणि नगरावर रात्र पडते. घराघरांतले, रस्त्यांवरचे, डब्यांतले दिवे लागतात. याच क्षणी गोंगाट करणारी मुले गप्प होतात आणि मोठी माणसे पुढे वाकतात. आजोबांचे वय आणि नातवाचे वय एकमेकांच्या जवळ येऊन उभे राहते, ते या अंधारात.

व्यापारी घरातील साठी ओलांडलेल्या गृहस्थांची स्थिती थोडी निराळी असते. नोकरदार निवृत्त होतो. दुकानदार होत नाही. त्याला कोणी निरोपाचा नारळ देत नाही. मुलगा संगणकावर बिले करू लागतो, सून मालाची मागणी मोबाइलवरून पाठवते, आणि वडील गादीवर बसलेले असतात, पण त्यांना विचारून काही होत नसते. ते रोज सकाळी दुकानात जातात, वर्तमानपत्र वाचतात, जुन्या गिऱ्हाइकाची विचारपूस करतात आणि मुलाच्या एखाद्या निर्णयात तोंड घालून दोघांचीही दुपार बिघडवतात. अशा घरात वडिलांनी एखादा छंद काढला तर ‘या वयात हे काय’ असे म्हणणारे शेजारी पुष्कळ भेटतील. पोरखेळ हा शब्द तर तयारच असतो. खेळण्यातली गाडी हा पोरखेळ खराच. पण प्रवाह तुटलेला खंड शोधण्यात ज्याची दुपार गेली, त्याला मुलाच्या वहीतली चूक शोधायला सवड राहत नाही. मुलावरही हा मोठा उपकारच.

खर्चाचा मुद्दा मात्र टाळता येणार नाही. परदेशी बनावटीचे एक चांगले इंजिन घेताना हात थबकतो, आणि हा छंद पहिल्या इंजिनावर थांबत नाही, हे मेर्कलिनने पुरते ओळखले होते. ज्याला हौस आहे त्याने एक फळी, एक वर्तुळ, एक सांधा आणि एक गाडी एवढ्यावर वर्षभर राहावे. सांध्यावरून डबा न घसरता शंभर वेळा गेला की मग दुसऱ्या सांध्याचा विचार करावा. डोंगर, झाडे आणि घरे यांसाठी बाजारात जाण्याचे कारणच नाही. जाळी, प्लॅस्टर, रंगवलेला लाकडाचा भुसा आणि जुने पुठ्ठे पुरतात. आपल्या पावसाळ्यात साध्या फळीला बाक येतो, म्हणून चांगले प्लायवुड घ्यावे. इतर कशातही काटकसर चालेल, यात नको.

भाऊसाहेबांच्या नगराबद्दल एकच खंत मनात राहते, आणि तिचा दोष त्यांच्याकडे जात नाही. त्या नगराचा चेहरा बराचसा परदेशी आहे. याचे कारण पुन्हा मापातच आहे. 16.5 मिलिमीटरला 87 ने गुणले की 1435 मिलिमीटर येतात, आणि ते युरोप-अमेरिकेचे प्रमाणमाप. भारताचे रुंदमाप 1676 मिलिमीटरांचे. त्याचा 87 वा भाग 19.3 मिलिमीटर होतो, आणि त्या मापाचा तयार रूळ बाजारात मिळत नाही. म्हणून भारतीय इंजिनाची प्रतिकृती करणारे बहुतेक जण परदेशी मापाच्या रूळावरच ती उभी करतात, आणि जाणकाराला ती किंचित अरुंद पायांवर उभी असल्यासारखी दिसते.

पण मिरजेचा विचार करावा. 1971 मध्ये कोल्हापूरचा मार्ग रुंदमापी झाला. त्यानंतर काही काळ मिरज स्थानकात तिन्ही मापांचे रूळ होते: रुंद, मीटर आणि बार्शी लाइटचे अडीच फुटी. मीटरमापाचा 87 वा भाग साडेअकरा मिलिमीटर, आणि 12 मिलिमीटरचा रूळ बाजारात मिळतो. अडीच फुटांचा 87 वा भाग पावणेनऊ मिलिमीटर, आणि 9 मिलिमीटरचा रूळही मिळतो. म्हणजे आज धावणाऱ्या गाड्यांना माप नाही, आणि जे दोन मार्ग प्रत्यक्षातून पुसले गेले त्यांची मापे दुकानात तयार आहेत! कोल्हापूर-मिरज हा सबंध मार्ग एच.ओ. प्रमाणात 540 मीटरांचा होईल. तो कोणी करणार नाही. पण एकटे कोल्हापूर स्थानक, शेजारची मालधक्क्याची बाजू, गुळाचे रवे चढवणारे हमाल आणि मीटरमापी डब्यांची एक गाडी एवढे एका भिंतीलगतच्या फळीवर मावेल. धक्क्यावर वाघिणी कोठे उभ्या राहत, बैलगाड्या कोणत्या बाजूने येत, डब्यांचा रंग नेमका कोणता होता आणि पाण्याची टाकी फलाटाच्या कोणत्या टोकाला होती, हे ज्यांनी पाहिले ते सांगू शकतील. 1971 मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज साठी ओलांडून बसला आहे.